आईच्या सीरममध्ये

पहाटे पाच. केळवे गावापासून केळवे रोड स्टेशन लांब, त्यामुळे रिक्षा चुकली की डहाणूहून येणारी गाडीही चुकते. परळच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा देणारा आणि घेणारा यांची एचएलए जनुकं, म्हणजे शरीराला आपलं-परकं ओळखू देणारी जनुकं, कितपत जुळतात, ते आम्ही तपासतो.

साडेआठ. नमुने येतात. जांभळ्या बुचाच्या नळीतलं रक्त डीएनएसाठी, हिरव्या बुचाच्या नळीतलं जिवंत पेशींसाठी. ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात आणि सहसा गठ्ठ्यानंच वारशात येतात, एक गठ्ठा आईचा, एक बापाचा. म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

दहा. विक्रमगडकडचं कुटुंब. मुलाला सिकलसेल, धाकट्या बहिणीची तपासणी. सिकलसेलचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर, त्याचा एचएलएशी संबंध नाही. बहीण जुळेल आणि तिला आजारही नसेल, अशी शक्यता सोळात तीन. ती वाहक निघाली तर तिची मज्जा वाया, असं वडील धरून बसले होते. वाहक भावंडाची मज्जा चालते. पाड्यावर सिकलसेलची तपासणी होते तेव्हाच हे घराघरात सांगायला हवं.

अकरा. क्रॉसमॅच. पंचविशीतला मुलगा आईला मूत्रपिंड देणार आहे. त्याच्या लिम्फोसाइट पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांवर आईचं सीरम, मग सशाच्या रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं, शेवटी रंग. आईच्या रक्तात त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं असली तर पेशी मरतात आणि मेलेली पेशी रंग घेते.

दीड. सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सगळ्या पेशी रंगलेल्या. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं होतं, की क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही प्रत्यारोपण केलेल्या ३० रुग्णांपैकी २४ जणांचं मूत्रपिंड लगेच निकामी झालं. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांत असे फक्त ८. त्यामुळे हा निकाल हाती आल्यावर आज मुलाचं मूत्रपिंड आईला देता येत नाही.

साडेतीन. डॉक्टरांबरोबर मीही बसते. मुलगा विचारतो, "मॅडम, मी तिच्याच पोटचा, मग माझंच कसं चालत नाही?" पोटचा आहे म्हणूनच. त्याची निम्मी जनुकं वडिलांची, आईच्या शरीराला परकी. गरोदरपणात बाळाच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि वर्षानुवर्षं टिकू शकतात. नवऱ्याचं मूत्रपिंड बायकोला न चालण्यामागेही पुष्कळदा हेच असतं.

आईच्या फॉर्मवर एकच बाळंतपण लिहिलेलं होतं. मुलगा चहा आणायला गेला तेव्हा त्याच्या आई हळूच म्हणाल्या, त्याच्यानंतर दोनदा दिवस गेले होते, टिकलं नाही, रक्तही चढवलं होतं. हे घरात कोणाशी बोललं गेलेलं नाही. गर्भपात आणि रक्त चढवणं, दोन्हींमुळे प्रतिपिंडं वाढू शकतात. हा फॉर्म बाईला एकटीला बसवून, बाईनंच, तिच्या बोलीत विचारून भरावा असं माझं ठाम मत आहे. नवरा आणि मुलगा शेजारी असताना कोणती आई हे सांगेल?

साडेपाच. वाट बंद झालेली नाही. प्लाझ्मा बदलून प्रतिपिंडं कमी करता येतात. २०११ च्या कायदादुरुस्तीनं दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदलही मान्य केली आहे. नेमकी कोणत्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं आहेत, ते समजलं की ते एचएलए नसलेला दाता शोधता येतो. त्यासाठी उद्या सकाळी त्यांच्या सीरमची सिंगल अँटिजेन तपासणी सगळ्यांत आधी लावायची आहे. नळीवर खूण करून ती फ्रीजमध्ये ठेवली आणि गाडीसाठी निघाले.