खाणीचा गाळ आणि भातातील जड धातू

भिलाईच्या पोलाद कारखान्याला अनेक दशके लोहखनिज मिळत आले ते बालोद जिल्ह्यातील दल्ली-राजहरा येथून. भिलाईजवळच्या उतई परिसरापासून तिथपर्यंत मुख्य पीक भात. म्हणून या पाठात एकच प्रश्न पाहू : खाणीचा गाळ भाताच्या शेतात उतरला, तर दाण्यात काय उतरते?

१. गाळ शेतात कसा येतो?
खनिज धुतल्यावर बारीक गाळ उरतो. त्याला टेलिंग्ज म्हणतात. तो बांधामागे साठवतात. बांधातून पाझर झाला किंवा पावसाने मातीचे ढीग धुपले, की कण नाल्यातून बांधीत येतात. लोहखनिजाचा गाळ लाल असतो, त्यामुळे लगेच दिसतो. कॅडमियम व आर्सेनिक मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. (आर्सेनिक हा खरे तर उपधातू आहे, विषारीपणामुळे तो जड धातूंबरोबर शिकवला जातो.)

२. एकूण प्रमाण पुरेसे का नाही?
मुळे फक्त पाण्यात विरघळलेला धातू शोषतात. मातीच्या कणांना घट्ट चिकटलेला धातू तिथेच राहतो. म्हणून एकाच मातीतला धोका पाण्यानुसार बदलतो.

अ) पाणी साचलेले शेत : ऑक्सिजन संपतो. फेरिक लोहाचे फेरस लोह होऊन ते विरघळते आणि लोहाच्या ऑक्साइडला चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. कॅडमियम मात्र सल्फाइड होऊन अडकते.

आ) पाणी काढलेले शेत : हवा शिरते. आर्सेनिक पुन्हा लोहाला चिकटते. सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होऊन कॅडमियम सुटते. माती आम्ल असेल तर अधिकच.

म्हणजे जो उपाय एकाला रोखतो, तोच दुसऱ्याला वाट देतो.

३. जपानचा धडा
कामिओका येथील जस्ताच्या खाणीतील कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेले. हाडे ठिसूळ करणाऱ्या 'इताई-इताई' या आजाराला सरकारने 1968 मध्ये प्रदूषणजन्य मानले. पुढे तिथल्या शेतांची माती बदलावी लागली. खर्च आणि काळ पाहता गाळ खाणीपाशीच अडवणे केव्हाही स्वस्त.

४. शेतावर काय करावे?
आधी धातू कोणता ते तपासा. कॅडमियम असेल तर चुना देऊन आम्लता कमी करा आणि लोंबी येण्याच्या काळात पाणी टिकवा. आर्सेनिक असेल तर अधूनमधून शेत सुकू द्या. चुना सरसकट देऊ नका. दोन्ही असतील तर माती-परीक्षणासोबत दाण्याचेही परीक्षण हवेच. कोडेक्सची मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळात प्रतिकिलो कॅडमियम 0.4 मिलिग्रॅम व अजैविक आर्सेनिक 0.2 मिलिग्रॅम आहे. शेवटी ताटात येतो तो दाणा, माती नव्हे.

स्वाध्याय
1. लाल गाळातील लोह आर्सेनिकला कधी रोखते व कधी सोडते?
2. कापणीपूर्वी शेतातील पाणी लवकर काढल्यास कोणत्या धातूचा धोका वाढेल? कारण द्या.