विरळ नमुन्यामुळे श्वासचाचणीचा निष्कर्ष उलटू शकतो; कार्बन डायऑक्साइडच्या आधारे होते दुरुस्ती

नवी दिल्ली : दूध पचत नसल्याची शंका असल्यास किंवा पोट वारंवार फुगत असल्यास डॉक्टर अनेकदा हायड्रोजन आणि मिथेन श्वासचाचणी सुचवतात. चाचणी सोपी असली, तरी फुंकलेल्या श्वासात बाहेरची हवा मिसळल्यास यंत्रावरील आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि निदान चुकण्याची शक्यता निर्माण होते. ही चूक टाळण्यासाठी त्याच नमुन्यातील कार्बन डायऑक्साइड मोजून आकड्याची दुरुस्ती केली जाते.

मानवी पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोहोचली, की तेथील जिवाणू ती आंबवतात आणि हायड्रोजन निर्माण होतो. त्याचा काही भाग रक्तावाटे फुप्फुसांत येऊन श्वासातून बाहेर पडतो. काही व्यक्तींच्या आतड्यातील सूक्ष्मजीव या हायड्रोजनचे मिथेनमध्ये रूपांतर करतात. मिथेनच्या एका रेणूसाठी हायड्रोजनचे ४ रेणू खर्ची पडत असल्याने केवळ हायड्रोजन मोजणे पुरेसे ठरत नाही.

दुग्धशर्करेच्या चाचणीत प्रौढ व्यक्तीला साधारणतः २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देऊन सुमारे ३ तास ठरावीक अंतराने श्वासाचे नमुने घेतले जातात. उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१७ मधील सहमतीनुसार, उपाशीपोटीच्या पातळीपेक्षा हायड्रोजन दशलक्षात किमान २० भागांनी, म्हणजे २० पीपीएमने वाढल्यास चाचणी सकारात्मक मानली जाते. मिथेन कोणत्याही वेळी १० पीपीएम किंवा त्याहून अधिक आढळल्यास त्याचीही नोंद सकारात्मक अशी होते.

नमुना विरळ का होतो?

श्वास सोडताना प्रथम बाहेर पडणारी सुमारे १५० मिलिलीटर हवा श्वासनलिकेतील असते. तिचा रक्ताशी संपर्क आलेला नसतो. तपासणीसाठी हवी असते ती त्यानंतर येणारी, फुप्फुसांच्या वायुकोशांतील हवा. श्वास अर्धवट सोडला, ओठ नळीभोवती घट्ट मिटले नाहीत किंवा नमुन्याच्या पिशवीला गळती असली, तर नमुना विरळ होतो. सांगितल्याप्रमाणे श्वास सोडू न शकणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत ही अडचण अधिक येते.

दुरुस्तीचे गणित

वायुकोशांतील हवेत कार्बन डायऑक्साइड साधारणतः ५.५ टक्के असतो. बाहेरच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो. त्यामुळे नमुन्यात तो २.७५ टक्के आढळल्यास निम्मी हवा बाहेरची आहे, असे समजता येते. ५.५ ला मोजलेल्या टक्केवारीने भागून मिळणाऱ्या गुणकाने हायड्रोजन व मिथेनचे आकडे गुणले जातात. या उदाहरणात गुणक २ येतो.

समजा, उपाशीपोटी हायड्रोजन ६ पीपीएम आणि कार्बन डायऑक्साइड ५.५ टक्के आहे. २ तासांनंतर हायड्रोजन १६ पीपीएम आढळला. मात्र कार्बन डायऑक्साइड २.७५ टक्केच आहे. मूळ आकड्यांनुसार वाढ १० पीपीएम, म्हणजे चाचणी नकारात्मक. दुरुस्तीनंतर १६ चे ३२ होतात, वाढ २६ पीपीएम ठरते आणि निष्कर्ष बदलतो.

याच्या उलटही घडू शकते. पहिलाच नमुना निम्मा विरळ असून त्यात १२ पीपीएम आढळले आणि नंतरच्या चांगल्या नमुन्यात ३८ आढळले, तर वाढ २६ पीपीएम दिसते. प्रत्यक्षात पहिला आकडा २४ असल्याने वाढ केवळ १४ पीपीएम ठरते. अशा वेळी रुग्णाचे दूध विनाकारण बंद होऊ शकते. म्हणूनच प्रत्येक नमुन्याची स्वतंत्र दुरुस्ती आवश्यक असते.

मर्यादाही महत्त्वाच्या

गुणक जितका मोठा, तितकी यंत्राच्या मोजणीतील लहानशी चूकही मोठी होते. मिथेनबाबत आणखी एक अडचण आहे. वातावरणातच सुमारे १.९ पीपीएम मिथेन असतो. नमुन्यातील तीन चतुर्थांश हवा बाहेरची असल्यास गुणक ४ येतो आणि बाहेरच्या मिथेनमुळेच आकड्यात सुमारे ५.७ पीपीएमची भर पडते. १० पीपीएमच्या मर्यादेच्या तुलनेत ही भर निम्म्याहून अधिक आहे. त्यामुळे खोलीतील हवेची पातळी वजा करणे, तसेच अतिविरळ नमुना बाद करून तत्काळ दुसरा घेणे श्रेयस्कर ठरते.

ही दुरुस्ती केवळ हवेच्या मिसळीपुरती आहे. आदल्या दिवशी खाल्लेली डाळ-उसळ, अलीकडे घेतलेली प्रतिजैविके किंवा चाचणीच्या वेळचे धूम्रपान यांमुळे होणारा बदल ती भरून काढू शकत नाही. अहवाल हाती आल्यावर त्यात प्रत्येक नमुन्यासमोर कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी नोंदवली आहे का आणि दिलेले आकडे दुरुस्त केलेले आहेत का, हे रुग्णाने डॉक्टरांना अवश्य विचारावे.