विश्लेषण : ट्रेलरचे एअर सस्पेन्शन केबिनमधल्या स्वीचवर, काम सोपे, मग धोका कुठे?

वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. मच्छीमारांचा विरोध मावळलेला नाही. पण बंदर आणि महामार्ग यांना जोडणाऱ्या सुमारे ३२ किलोमीटरच्या नव्या रस्त्याची आखणी झाली आहे. कैनाडपासून चारोटीपर्यंतच्या डहाणूच्या पट्ट्यात आणि पुढे तलासरी-अच्छाडच्या सीमेपर्यंत जड ट्रेलरची वर्दळ आणखी वाढणार, हे उघड आहे. यातल्या बहुतेक ट्रेलरना आजही पोलादी पाटेच आहेत. मात्र नाजूक आणि महागड्या मालासाठी हवेच्या फुग्यांवर तोललेले, म्हणजे एअर सस्पेन्शनचे ट्रेलर येऊ लागले आहेत. ते आले की चालकाची एक मागणी हमखास येते : हवा सोडण्याचा स्वीच केबिनमध्ये बसवून द्या. गॅरेजमधल्या वायरमनला हे अर्ध्या दिवसाचे काम वाटते. अमेरिकेत मात्र या स्वीचसाठी कायद्यात स्वतंत्र कलम आहे.

हवा सोडायची कशाला?

एअर सस्पेन्शन ‘शिवनेरी’च्या प्रवाशांच्या ओळखीचे आहे. चाकांचा ॲक्सल आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये रबरी फुगे असतात. लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरल्यावर ट्रेलर खाली बसला की हा व्हॉल्व्ह फुग्यांत हवा भरतो, माल उतरल्यावर ट्रेलर वर आला की हवा काढतो. उंची कायम राहते, चालकाला काही करावे लागत नाही.

अडचण येते ती ट्रेलर उभा असताना. गोदामाच्या धक्क्याला मागचा भाग लावून फोर्कलिफ्ट आत-बाहेर करू लागली की फुगे दबतात, फुगतात. चाके ब्रेकने जखडलेली असल्यामुळे ट्रेलर प्रत्येक हेलकाव्यासरशी धक्क्यापासून थोडा थोडा पुढे सरकतो. फट वाढत जाते आणि फोर्कलिफ्टचे चाक त्यात अडकू शकते. टिपर ट्रेलरचे दुखणे वेगळे. मालाने भरलेला हौदा उंच उचललेला असताना फुग्यांवरचा डोलारा एका बाजूला कलला, तर अख्खा ट्रेलर आडवा होण्याची भीती. म्हणून अशा वेळी फुग्यांतली हवा सोडून सांगाडा पक्क्या आधारावर टेकवतात. हे काम डम्प व्हॉल्व्ह करतो. मूळ रचनेत त्याचा खटका बहुधा ट्रेलरच्याच अंगाला असतो. पावसात खाली उतरून तो फिरवण्यापेक्षा केबिनमध्ये बोट दाबणे कोणालाही बरे वाटेल.

तार कुठून न्यायची?

विजेचा हिशेब किरकोळ आहे. डम्प व्हॉल्व्हवरच्या सोलेनॉइडची गुंडाळी १२ वॅटची धरली, तर २४ व्होल्टवर प्रवाह जेमतेम अर्धा अँपिअर. इग्निशन चालू असतानाच वीज मिळणारी जागा, तिच्या लगेच पुढे छोटा फ्यूज, मग स्वीच आणि तिथून मागे जाणारी तार. खरा पेच घोडा आणि ट्रेलर यांच्या मधल्या प्लगमध्ये आहे. नेहमीच्या सात पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंग, डावा-उजवा टेललॅम्प, डावा-उजवा इंडिकेटर आणि ब्रेकलाइट यांतच सहा पिना संपतात. मग नजर जाते सातवीवर.

अमेरिकेत नेमके हेच झाले होते. तिथे मधली पिन जादा कामांसाठी वापरली जाई. कोणी तिच्यावर आतला दिवा घेई, कोणी डम्प व्हॉल्व्ह. पुढे १ मार्च १९९८ पासून तयार होणाऱ्या ट्रेलरना एबीएस सक्तीचे झाले आणि त्याची वीज त्याच पिनेवरून, इग्निशन चालू असेपर्यंत अखंड देण्याची पद्धत रुळली. आता पिनेवर डम्प व्हॉल्व्ह घेतलेला जुना ट्रेलर नव्या घोड्याला जोडला तर? चावी फिरवताच व्हॉल्व्हला वीज, आणि चालकाने स्वीचला हातही न लावता फुगे रिकामे. उलट कोणी त्याच पिनेच्या वाटेत स्वीच घातला, तर स्वीच बंद होताच एबीएसची वीज तुटणार.

म्हणून पहिला दंडक : दिवे किंवा एबीएसच्या वायरिंगमधून वीज उचलायची नाही. वेगळी केबल आणि वेगळा प्लग हवा. पंधरा पिनांच्या सॉकेटमध्ये उचलता येणाऱ्या ॲक्सलसाठी स्वतंत्र पिन राखलेली असते, ती कंपनीच्या आकृतीप्रमाणे वापरता येते. अर्थिंगची तारही परत घोड्यापर्यंत आणावी. ग्रीसने माखलेल्या फिफ्थ व्हीलमधून चॅसिसचे अर्थिंग मिळेल यावर भरवसा ठेवू नये. डहाणूसारख्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेने पिनांवर हिरवी पुटे चढतात, तेव्हा प्लगचे झाकण आणि रबरी सील ही चैन नाही.

तार तुटली तर?

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हाच. सोलेनॉइड दोन प्रकारे बसवता येतो. वीज दिल्यावर हवा सोडणारा, किंवा वीज असेपर्यंत हवा धरून ठेवणारा. दुसऱ्या प्रकारात प्लग सैल झाला, फ्यूज उडाला, तर ट्रेलर मेंढवणच्या खिंडीतही धाडकन खाली बसेल. म्हणून पहिलाच प्रकार हवा : वीज गेली की ट्रेलर चालण्याच्या उंचीवर. तेवढ्यानेही भागत नाही. ही तार ब्रेकलाइटच्या तारेसोबत एकाच नळीतून नेली आणि घासून दोन्हींचे आवरण गेले, तर प्रत्येक ब्रेकला फुग्यांतली हवा सुटू लागेल.

हवेच्या बाजूलाही एक गफलत होते. नुसती हवा बाहेर सोडली आणि आतला पुरवठा तोडला नाही, तर ट्रेलर खाली बसल्याचे ‘पाहून’ लेव्हलिंग व्हॉल्व्ह हवा भरतच राहतो. एकीकडून भरणे, दुसरीकडून सांडणे. कॉम्प्रेसर विनाकारण राबतो. ब्रेकची हवा शाबूत राहावी म्हणून प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो. टाकीतला दाब सुमारे ६ बारच्या खाली गेला की तो सस्पेन्शनचा पुरवठा तोडतो. नवीन नळी या व्हॉल्व्हच्या अलीकडून, म्हणजे ब्रेकच्या वाटेतून काढणे हा अक्षम्य प्रकार.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेच्या संघराज्य नियमावलीतले कलम ३९३.२०७ सांगते की, दोन ॲक्सलच्या ट्रेलरवर एकाच ॲक्सलची हवा सोडता येत असेल, तर तो खटका ट्रेलरवरच असावा. नाहीतर हवा सुटलेली असताना गाडी ताशी १० मैलांपेक्षा, म्हणजे साधारण १६ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावू शकता कामा नये. दोन्ही ॲक्सलची हवा एकदम सोडणाऱ्या यंत्रणेला आणि उचलता येणाऱ्या ॲक्सलना ही अट लागू नाही. कारण साध्या भागाकारात आहे. आपल्याकडे जुलै २०१८ पासून ट्रेलरच्या तीन ॲक्सलच्या संचाला २७ टन भार मान्य आहे, म्हणजे प्रत्येकी ९ टन. एकाची हवा सोडली की उरलेल्या दोघांवर जवळपास साडेतेरा-साडेतेरा टन येतात. टायर आणि बेअरिंग या दीडपट ओझ्यासाठी बनलेले नसतात. हलक्या झालेल्या ॲक्सलची चाके मात्र ब्रेक दाबताच अडकून घसरतात. वळणावर टायर कमी घासावेत म्हणून ही युक्ती करणारे चालक आहेतच.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. बेकायदा फेरफारासाठी २०१९च्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तेव्हा काम कंपनीच्या मान्य किटनेच करावे आणि आधी वसईच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. (राष्ट्रीय महामार्ग ४८ वर धावणाऱ्या पालघरच्या गाड्यांची पाटीही एमएच ४८, हा निव्वळ योगायोग.)

काम झाल्यावर काय तपासायचे?

डॅशबोर्डवरचा लाल दिवा आधी. तो स्वीचलाच जोडला असेल, तर स्वीच दाबला एवढेच कळते. फुगे रिकामे झाले की नाही, ते नाही. दिवा फुग्यांच्या नळीवरच्या प्रेशर स्वीचवरून घ्यायला हवा. स्वीचवर झाकण हवे, कोपर लागून तो दबता कामा नये. हँडब्रेक सुटला किंवा ठरावीक वेग ओलांडला की सोलेनॉइडची वीज आपोआप तोडणारा रिले नसेल, तर काम अर्धवट समजावे. केबिनमधून ट्रेलरचे पोट दिसत नाही आणि टायर ठोकून पाहायला क्लीनर बऱ्याचदा तिथेच वाकलेला असतो. स्वीच दाबण्याआधी तो समोर येऊन उभा राहिला पाहिजे.

शेवटची चाचणी सपाट जागी, पाचर लावून. सर्वांना दूर करून हवा सोडावी, ट्रेलर पूर्ण खाली बसू द्यावा आणि स्वीच चालूच ठेवून मधला नवा प्लग उपटावा. लेव्हलिंग व्हॉल्व्हचा फुसकारा ऐकू येऊन ट्रेलर आपोआप वर उचलला गेला, तर वायरिंग बरोबर. तो तसाच बसून राहिला, तर गाडी रस्त्यावर काढू नये.