मिरिकिनाचा जमाखर्च

संशोधनाच्या अंदाजपत्रकात माकड कुठंच नसतं. असतात बॅटऱ्या, डिझेल, गमबूट, डासांचं मलम, नमुन्यांच्या कुप्या आणि मदतनिसांचे पगार. अर्जेंटिनाच्या उत्तरेकडल्या फॉर्मोसा प्रांतात मिरिकिना या निशाचर माकडाच्या मागावर काही काळ फिरायला मिळालं, तेव्हा या यादीतली एकेक ओळ जंगलात कशी खर्ची पडते, ते पाहता आलं.

मिरिकिना जेमतेम सव्वा किलोचा. डोळे मोठे, तपकिरी. भुवयांवर पांढरे पट्टे. अमेरिका खंडातल्या माकडांत रात्री वावरणारं कुळ हे एकच, आणि त्यातली ही जात रात्रीबरोबर दिवसाही हिंडते. पिलागा ओढ्याच्या काठानं जंगलाची अरुंद पट्टी आहे, बाहेर गुरांची कुरणं. संशोधक एदुआर्दो फर्नांदेझ-दुके यांनी १९९६ मध्ये इथं निरीक्षणाला सुरुवात केली.

ऊन कललं की काम सुरू होतं. बरोबरचा स्थानिक मदतनीस तेरेरे या थंडगार पेयाचा शेवटचा घोट घेतो आणि अँटेना हातात घेऊन सावकाश गोल फिरतो. रिसीव्हरमधली टिकटिक जिकडे ठळक होते, तिकडे आम्ही वळतो. पण माकडाच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरचा संदेश फक्त दिशा सांगतो. पुढचं काम मान वर करून, वेलींच्या गुंत्यात लोंबणारी शेपटी हुडकण्याचं. ती आधी दिसते मदतनिसालाच. आम्ही दुर्बीण लावेपर्यंत त्यानं नर कुठला, पिल्लू कुणाच्या पाठीवर, हे सांगितलेलं असतं.

रेडिओ कॉलर महाग, तरी टाळता येत नाही. नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून खूण हवीच. जोडीतल्या एकाला रेडिओ कॉलर आणि दुसऱ्याला साधी रंगीत मण्यांची माळ घातली, तरी भागतं. पण ती घालायची, तर भुलीचा बाण मारणारा सराईत हात, खाली जाळं धरणारी माणसं आणि पशुवैद्य लागतात. बॅटरी संपली की हे सगळं पुन्हा. अर्जात कॉलरची किंमत एका ओळीत लिहून होते. ती गळ्यात चढेपर्यंतचा खर्च चार वेगवेगळ्या ओळींत विखुरलेला असतो.

माकडं सापडली की वही उघडते. ठरलेल्या वेळेपुरतं एकाच प्राण्यावर लक्ष ठेवायचं: काय खाल्लं, कुणाजवळ बसला, पिल्लू कुणी उचललं. जन्मानंतरच्या थोड्याच आठवड्यांत पिल्लाला वागवण्याचं बहुतेक काम बापाकडे जातं. खाली पडलेली विष्ठा लगेच कुपीत भरायची, कारण त्यातून संप्रेरकं मोजता येतात. अमावास्येच्या आसपास मध्यरात्री काहीच दिसत नाही. त्यासाठी हालचाल टिपणाऱ्या कॉलर वापरल्या गेल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की चांदणं असलं तरच हे माकड रात्री फिरतं. चंद्रग्रहणातसुद्धा त्याची लगबग मंदावते.

या साऱ्याला पैसा कुठून येतो? वेनर-ग्रेन, लीकी, नॅशनल जिओग्राफिक अशा संस्थांची आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची अनुदानं इथं आली. त्यातल्या पहिल्या दोघांचा मूळ विषय माणूस. एकनिष्ठ जोडी आणि लेकरू सांभाळणारा बाप या गोष्टी मिरिकिनात सापडतात, म्हणून त्याच्याकडे लक्ष गेलं. माकड वाचवायचं म्हणून पैसे मागितले, तर बहुधा छोटी रक्कम मिळते. माणसाचं कोडं सोडवायचं म्हटलं, तर मोठी. हुशार संशोधक दोन्ही अर्ज लिहितो आणि एकाच पायवाटेवरून दोन्ही कामं करतो.

अडचण मुदतीची. अनुदान साधारण एक-दोन, फार तर तीन वर्षांचं. मिरिकिनाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते आणि पहिलं बाळंतपण पाचेक वर्षांची झाल्यावर. म्हणजे एक मादी जन्मल्यापासून आई होईपर्यंत किमान दोन अनुदानं लागतात. लांबचा अभ्यास अशा लहान-मोठ्या तुकड्यांची गोधडी असतो. मधला एक तुकडा जरी मिळाला नाही, तरी वंशावळीला भोक पडतं.

तसं पडलं नाही, म्हणून २०१३ मध्ये एक गोष्ट मांडता आली. एकट्या भटकणाऱ्या माकडांनी हल्ला करून जोडीतल्या एकाला हुसकावलं, की नव्या जोडीचा जम बसायला वेळ जातो. आयुष्यभर एकाच जोडीदारासोबत राहिलेल्यांना, जोडीदार बदललेल्यांपेक्षा दशकभरात २५ टक्के जास्त पिल्लं झाली. संरक्षणाच्या दृष्टीनं याचा अर्थ मोठा आहे. शेती आणि गुरांसाठी इथल्या चाको प्रदेशातलं जंगल झपाट्यानं तोडलं जातंय. वयात आलेल्या पोरांना घर सोडावंच लागतं. ओढ्याकाठची पट्टी तुटली, तर त्यांना जायला दुसरीकडे जागा उरत नाही, मग आहे त्या जोड्यांवर हल्ले वाढू शकतात. त्या जोड्यांच्या भागातलं झाड न तोडताही जन्म घटू शकतात, आणि हे नुसत्या शिरगणतीत दिसणार नाही.

देणगीदारांना अहवालात नवं काहीतरी हवं असतं. इथं मात्र मोल आहे ते त्याच झाडांना, त्याच जोड्यांना आणि त्याच वहीतल्या त्याच रकान्यांना. म्हणून अशा कामाला पैसे देणाऱ्यानं यंदा कुठलं नवं यंत्र घेणार, हे नंतर विचारावं. आधी विचारावं, की शेपटी सगळ्यांच्या आधी दिसणाऱ्या त्या मदतनिसाचा पगार तिसऱ्या वर्षी कोण देणार.