घट्ट आहे, पण लॉक आहे का?

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्री अकरानंतरही लाइट सुरू दिसला, की समजायचं, रेसिंगवाली टीम जागी आहे. कुणी इंदूरजवळच्या पिथमपूरला होणाऱ्या ‘बाहा’ची तयारी करतं, कुणी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरच्या ‘सुप्रा’ची, तर कुणी कोइंबतूरच्या ‘फॉर्म्युला भारत’ची. इंजिन, सस्पेन्शन, चॅसिस यावर ही मंडळी तासभर सहज बोलतील. पण गाडी ट्रॅकवर जाणार की बाजूला उभी राहणार, हे बरेचदा एका साध्या नटावर ठरतं.

‘नट कसलाय ना, मग झालं की!’ असं वाटतंय? इथेच तर खरी गोम आहे.

बोल्ट आवळला की तो अगदी किंचित ताणला जातो, रबर ताणावं तसा. तो परत आखडायला बघतो आणि त्याच ओढीने दोन भाग घट्ट दाबून ठेवतो. आता गाडी खड्ड्यांतून धावली, की हे भाग आडवे, एकमेकांवर सरकू लागतात. सरकले, की आट्यांमधली पकड क्षणभर सुटते आणि नट केसाएवढा उलटा फिरतो. असं हजारो वेळा झालं, की नट हातात! गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनीअरने 1969 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. उभ्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे नटाला जास्त सैल करतात. अशा चाचणीत आपला लाडका स्प्रिंग वॉशरही फारसा टिकत नाही. आणि ‘बाहा’ची मुख्य शर्यत चालते चक्क चार तास.

दिसलं पाहिजे!

म्हणून फॉर्म्युला स्टुडंटसारख्या स्पर्धांच्या नियमांत ‘पॉझिटिव्ह लॉकिंग’ हा शब्द येतो. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, ड्रायव्हरचा बेल्ट आणि मुख्य फ्रेम, इथल्या बोल्टना ते सक्तीचं असतं. अटी दोन. एक, लॉक डोळ्यांना दिसलं पाहिजे. दोन, नट थोडा सैल झाला तरी तो पूर्ण निघता कामा नये.

या दोन अटी लावून बघा, सगळं आपोआप उलगडतं. नायलॉनची रिंग असलेला नायलॉक नट चालतो, कारण रिंग दिसते आणि दाब गेला तरी आटे धरून ठेवते. कॅसल नटात घातलेली कॉटर पिन चालते. बोल्टच्या डोक्यातून ओवून पिळलेली सेफ्टी वायरही चालते. मात्र तिची ओढ बोल्ट आवळण्याच्याच दिशेने हवी, नाहीतर ती नुसती शोभेची. आणि आट्यांना लावायचा थ्रेडलॉकर? लावा की, पण पॉझिटिव्ह लॉकिंग म्हणून तो मोजत नाहीत. आत लावलाय की नाही, हे बाहेरून सांगणार कोण?

नायलॉकचेही नखरे आहेत. बोल्टचे किमान दोन पूर्ण आटे नटाबाहेर दिसायला हवेत. तापमान 80 अंश सेल्सिअसच्या वर जात असेल तिथे, म्हणजे ब्रेक डिस्क किंवा सायलेन्सरजवळ, नायलॉन नको. तिथे पूर्ण धातूचा लॉक नट किंवा वायर. आणि काढलेला नायलॉक नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरत असेल, तर त्याची नोकरी संपली. नवा आणा. पाच-दहा रुपयांसाठी ड्रायव्हरचा जीव टांगणीला लावायचा का?

नमुना दाखवून बोल्ट?

आता इतवारीतल्या लोहाओळीत जाऊन ‘भाऊ, असाच एक द्या’ म्हणायची सवय. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. 8.8 म्हणजे एका चौरस मिलिमीटरला साधारण 800 न्यूटन, सुमारे 80 किलोंचा ताण सोसणारं पोलाद. महत्त्वाच्या जागी किमान हाच ग्रेड लागतो. डोकं कोरं असेल, तर तो बोल्ट बेंचसाठी ठेवा.

नुसत्या नजरेने बोल्ट जुळवला तर काय होतं? 10 जून 1990. ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं आणि हवेत त्याची कॉकपिटची काच उडाली. कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं म्हणून ते वाचले. आदल्याच दिवशी पहाटे ती काच बदलली होती. चौकशीत कळलं, 90 पैकी 84 बोल्ट जाडीला अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त बारीक होते. बोल्ट निवडताना जुन्या बोल्टशी नजरेनेच जुळवले होते. काम करणारा अनुभवी होता, त्याने बोल्ट कसलेही होते. पण दुसऱ्या कुणी ते तपासलं नव्हतं.

तुमच्या टीमसाठी धडा तोच. एकाने टॉर्क रेंचने आवळायचं आणि नट व पार्टवरून पेंट मार्करची एक सरळ रेघ मारायची. दुसऱ्याने यादी हातात घेऊन तपासायचं. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला. ‘घट्ट तर केला होता ना बे!’ हे वाक्य यादीत कुठेच बसत नाही. आणि टीममधला ज्युनिअर ‘दादा, ही पिन राहिली’ म्हणाला, तर चिडू नका. गाडीत बसणारा तुमचाच मित्र आहे.

तुम्ही मेकॅनिकलचे नसाल तरी हरकत नाही. बाइक घेऊन कॉलेजला जाता ना? बऱ्याच बाइकच्या मागच्या ब्रेकच्या रॉडपाशी एक छोटी कॉटर पिन असते. पंक्चर किंवा चेनचं काम झालं, की निघण्यापूर्वी एकदा वाकून बघा, ती परत लागली आहे ना.