फांद्यांचे पोवळे आणि घरातला समुद्र



सेलूहून समुद्र शेकडो कोस दूर. तरी पोवळे आपल्याला परके नाही. ते मंगळाच्या अंगठीत आहे, वैद्याच्या प्रवाळभस्मात आहे. कुणी त्याला दगड समजतो, कुणी झाडाची फांदी. वस्तुतः तो एका प्राण्याने बांधलेला सांगाडा आहे. पाठीचा कणा नसलेले हजारो इवले जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन फांदीवर फांदी चढवतात.

अंगठीतले तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातल्या अंधुक पाण्यात वाढते. हौशी लोक काचेच्या टाकीत पाळतात ते मात्र उष्ण समुद्रातले, उथळ पाण्यातले प्रवाळ. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उजेडावर साखर तयार करते आणि त्यातली बरीचशी प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला आसरा देते आणि आपला टाकाऊ भाग खत म्हणून पुरवते. माझे आयुष्य कामगार-मालकांच्या करारांत गेले, पण इतका जुना आणि दोघांच्या हिताचा करार क्वचितच पाहिला. हा करार उष्णतेने मोडतो. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादाच अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. वेळीच गारवा आला तर ते सावरते, नाही तर उपाशी मरते.

आपल्या गावच्या एका तरुणाने मला विचारले, हे घरी पाळता येईल काय? त्याला लागते काय, ते आधी पाहू. दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, २५-२६ अंश उष्णता, रोज आठ-दहा तास प्रखर दिवे, आणि अहोरात्र वाहते पाणी. लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम. प्रवाळ ते सांगाड्यासाठी वापरते, म्हणून पुन्हा पुन्हा भरावे लागते. पाणी आटले तर गोडे, शुद्ध केलेलेच पाणी घालायचे, कारण मीठ वाफेबरोबर उडत नाही. विहिरीचे पाणी चालत नाही. त्यात शेतातल्या खतांचे अंश असू शकतात. आता वैशाखात वर्धेकडे पारा ४५ च्या घरात जातो. अशा दुपारी वीज गेली, की पाणी थांबते, प्राणवायू घटतो आणि टाकी तापते. समुद्र हे सारे काम फुकट करतो, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळत नाही.

याहून मोठी गोष्ट कायद्याची. खडक बांधणारी सर्व प्रवाळे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. वाघाचे नावही त्याच अनुसूचीत आहे. आपल्या समुद्रातली फांदी तोडणे वा विकणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली.

म्हणून त्या तरुणाला माझे सांगणे असे: टाकीत गोड्या पाण्यातले मासे खुशाल पाळ. पोवळे पाहायचे तर मालवणला जा. सिंधुदुर्गाभोवतीच्या पाण्यात ते जिवंत आहे आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाच्या आडोशाला मासळीची पिले वाढतात, आणि त्या मासळीवर कोळ्याची चूल पेटते. किनाऱ्यावर कुणी वाळलेली फांदी विकायला पुढे केली, तर ती घेऊ नकोस. गिऱ्हाईक नसले, की तोडणारा हात आपोआप थांबतो.