कबड्डीचें मैदान आणि मुलांची उपजीविका

आमच्या ओतूर गांवीं मांडवी नदीच्या कांठीं कपर्दिकेश्वराचें देवालय आहे. श्रावणी सोमवारीं तेथें तांदळाच्या पिंडी पाहावयास लोक लोटतात, आणि कुस्त्यांचा आखाडाही भरतो. जिंकलेल्या मल्लास इनाम मिळतें. परंतु त्यावर वर्षभर चूल पेटेल, असें पूर्वीं कोणाही बापास वाटत नसे. खेळ शरीरासाठीं आणि पोट शेतीवर, असा साधा हिशेब होता.

२०१४ सालीं व्यावसायिक कबड्डीचे सामने सुरू झाले आणि हा हिशेब पालटला. हायस्कुलांतील मुलगा आतां विचारतो, "गुरुजी, मला कबड्डीच खेळावयाची आहे, मग अभ्यास कशाला?" त्याची आशा अगदींच निराधार नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील चंदगड तालुक्याचे सिद्धार्थ देसाई यांच्यावर २०१९ च्या लिलावांत १ कोटी ४५ लाख रुपयांची बोली लागली.

परंतु जरा गणित मांडूं. संघ १२, आणि एका संघांत फार तर २५ खेळाडू. म्हणजे परदेशी खेळाडू धरूनही अवघ्या देशांत ३०० जागा! एकट्या जुन्नर तालुक्यांतील हायस्कुलांतून खेळणारीं मुलें मोजलीं, तरी ही संख्या किती तोकडी आहे तें ध्यानीं येईल. शिवाय देह हें भांडवल नाजूक. देसाई यांचा खांदा दुखावला, आणि २०२२ सालीं तीच बोली २० लाखांवर उतरली. पुढील वर्षीं ती पुन्हां १ कोटीस पोहोंचली. पण असें भाग्य विरळाच.

मग मुलास मैदानावरून ओढून आणावें काय? शिक्षक असतां एका विद्यार्थ्याच्या बाबतींत मी तसें केलें. त्याचा खेळ सुटला; पुस्तकांत मात्र मन रमलें नाहीं. ती चूक माझी होती.

खरा मार्ग दोहोंच्या मधून जातो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे व पोलीस हीं खातींही खेळाडूंस घेतात. मात्र तेथें पदकाबरोबर त्या पदास लागणारें शिक्षणही पाहिलें जातें.

चढाईस गेलेला गडी प्रतिपक्षाच्या अंगणांत कितीही खोल शिरो, मध्यरेषेकडे परतण्याची वाट तो विसरत नाहीं. पालकांनीं मुलास अवश्य खेळूं द्यावें. परीक्षा ही त्याची परतीची रेषा आहे, एवढें मात्र त्यास आधींच सांगून ठेवावें.